गादीखालची फळी

दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या घरात एकही इटालियन खुर्ची नाही. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत, त्या खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब कायमचं गावी परतलं तेव्हा त्यांच्याकडून घेतलेल्या. एकीचा पाय डुगडुगतो, म्हणून त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे. सव्वीस वर्षं मी या देशात इटालियन फर्निचरचे फोटो काढतो, असं नव्या पाहुण्याला सांगितलं की तो एकदा घरभर नजर फिरवतो आणि मग हवापाण्याचं बोलायला लागतो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादिकाबाई तीन वर्षं मागे लागल्या आहेत. "तुमच्या फील्डमधलं काहीतरी इंटरेस्टिंग लिहा ना, हलकंफुलकं," असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं टाळलं. यंदा लिहितोय, कारण एक गोष्ट घशात अडकून बसली आहे. हलकंफुलकं मात्र होणार नाही, आधीच सांगतो. दमलोय मी.

आधी धंदा काय ते सांगतो. दुबईत एक मोठी शोरूम आहे, ती इटलीहून सोफे, खुर्च्या, टेबलं आणून विकते. त्यांचा कॅटलॉग आणि जाहिराती यांचे फोटो मी काढतो. खुर्चीचा फोटो काढण्यात काय कठीण आहे, असं सगळ्यांना वाटतं. खुर्ची हलत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही, 'मी जाड दिसतेय, पुन्हा काढा' म्हणत नाही. सगळं खरं. पण खुर्चीला चेहराही नसतो. तो आपण द्यायचा असतो.

मागे पांढऱ्या कागदाचा मोठा पडदा असतो. तो वरून खाली गोल वळवून जमिनीवर सोडायचा, म्हणजे भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. उजेड एकाच बाजूनं. कॅमेरा खुर्चीच्या गादीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर. त्यामुळे खुर्ची राजासारखी दिसते आणि फोटोग्राफर दिवसभर गुडघ्यावर असतो. माझे दोन्ही गुडघे गेले तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "टाइल लगाने का काम करते हो क्या?" फोटोग्राफर आहे म्हटल्यावर त्यानं माझं कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

आणि सगळ्यात मोठा नियम असा की फोटोत माणूस नको. माणूस आला की माप आलं. खुर्ची केवढी आहे, पाय कुठे टेकतात, पाठ कुठे लागते, हे सगळं बघणाऱ्याला कळतं आणि तो हिशेबानं विचार करायला लागतो. माणूस नसला की खुर्ची हवी तेवढी मोठी होते.

हे मला सिन्योरनं शिकवलं. इटलीतल्या कारखान्याकडून दर हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांना आम्ही सगळे सिन्योर म्हणायचो. त्यांचे वडील खुर्च्या करायचे. एकदा शूटिंग संपल्यावर कॉफी पिता पिता ते त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "आमच्या गावात चांगले सुतार पुष्कळ होते. ज्याच्या शेजारी फोटोग्राफर राहायचा, त्याची खुर्ची म्युझियममध्ये गेली."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते गंभीर होते. युद्धानंतर तिकडे छोटे छोटे कारखाने निघाले. इमारतींचे नकाशे काढणारे शिकलेले लोक आणि हातानं काम करणारे सुतार एकत्र आले आणि वेगळ्याच आकाराचं सामान बनवायला लागले. पण ते विकत घेणार कोण? गावातले लोक हसत होते. मग कुणीतरी त्या खुर्च्यांचे फोटो काढले, एखाद्या पुतळ्याचे काढावेत तसे, रिकाम्या पांढऱ्या जागेत. ते मासिकांत छापून आले. दूरदूरच्या देशांतल्या लोकांनी ती पानं कापून भिंतीला लावली. खुर्ची पोचायच्या कितीतरी आधी तिचं नाव पोचलं. "माझ्या वडिलांच्या सगळ्यात प्रसिद्ध खुर्चीवर दहा मिनिटं बसलं की कंबर धरते," सिन्योर म्हणाले. "पण फोटोत कुणाला बसायचं नसतं."

याचे परिणाम इथे मी डोळ्यांनी पाहिले. फुजैराला जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत एक साहेब होते. त्यांनी कॅटलॉगमधल्या माझ्या फोटोवर भाळून एक सोफा मागवला. फोटोत तो असा नाजूक दिसत होता की जणू दोन बोटांनी उचलावा. प्रत्यक्षात तो लिफ्टमध्ये मावेना, जिन्यावरून वळेना. तीन दिवस तो बिल्डिंगच्या लॉबीत पडून होता आणि वॉचमन त्यावर दुपारी आडवा व्हायचा. साहेबांनी मला फोन करून झापलं, "अहो, फोटोत शेजारी एखादा माणूस तरी उभा करायचा!" मी 'सॉरी' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अबुधाबीला आमच्या ओळखीचे एक पुणेरी इंजिनिअर आहेत, तेल कंपनीत. नव्या घराच्या सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं होतं. हॉलमध्ये मधोमध आमच्या शोरूमची खुर्ची, कातड्याची, मी फोटो काढलेली. पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती, गुडघे दुखणारे आजोबासुद्धा, आणि खुर्ची रिकामी. मी त्यांच्या धाकट्या मुलीला म्हटलं, "अगं, आजोबांना बसू दे की तिथे." ती म्हणाली, "अंकल, नोबडी सिट्स देअर. इट्स फॉर लुकिंग." तिची आई हसली आणि मला म्हणाली, "तुमच्या फोटोतसुद्धा कुठे कोण बसलंय?" मलाही हसू आलं. तेव्हा मला या सगळ्याचा थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आता आग्नेलबद्दल.

आग्नेल वसईचा, शोरूमच्या गोडाउनचा मुख्य. कंटेनर आला की माल उघडायचा, जोडायचा, पुसायचा, गिऱ्हाइकाकडे नेऊन लावून द्यायचा. माझ्याआधी वर्षभर लागलेला. शोरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. बाकी सगळा कारभार हिंदी-इंग्रजीत, वर अरबी 'यल्ला' आणि 'खलास', म्हणजे 'चला' आणि 'संपलं'. त्यामुळे आमच्या कामाची एक भाषा आपोआप तयार झाली, ती दुसऱ्या कुणाला कळायची नाही. सोफ्याची पाठ मागून हातानं रेटून धरली की ती फोटोत भरदार दिसते. ते काम आग्नेलचं. तो सोफ्यामागे जमिनीवर आडवा व्हायचा, हात वर करून पाठ रेटायचा आणि मी ओरडायचो, "गायब!" म्हणजे आता तुझा केससुद्धा दिसायला नको. सोफ्यामागून आवाज यायचा, "गायब!" मग मी बटण दाबायचो. माझ्या निम्म्या फोटोंत आग्नेल आहे, पण दिसत कुठेच नाही.

आमचा दुसरा शब्द होता 'फळी'.

इटालियन कातड्याची चांगली गादी मऊ असते. मऊ असते म्हणूनच ती बसल्यावर दबते आणि तिला सुरकुत्या पडतात. तशा त्या पडाव्यात हीच असली गादीची खूण. पण फोटोत सुरकुती जुनाट दिसते. म्हणून गादीच्या खोळीत, वरच्या थराखाली आम्ही मापानं कापलेली पातळ लाकडी फळी सरकवायचो. गादी ताठ, कातडं तुळतुळीत. फोटो झाला की फळी बाहेर. हे आग्नेलनंच सुचवलेलं आणि फळ्याही त्यानंच कापलेल्या, प्रत्येक मॉडेलची वेगळी, मागे पेन्सिलीनं नंबर घातलेला. त्यामुळे मी सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो की माझा फोटो सरळ असतो, कॉम्प्युटरवर एक रेघसुद्धा पुसत नाही. ते खरंच होतं. फळीबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

यात एक गंमत अशी झाली की शारजाच्या बाजूला नकला करणारे कारखाने आहेत, ते माझे फोटो बघून माल बनवतात. फोटोत गादी सपाट, म्हणून त्यांनी आत प्लायवूडच ठोकलं, कायमचं. तशी एक नक्कल आग्नेलनं मला दाखवली होती. बोटानं गादीवर टकटक केलं तर दार वाजावं तसा आवाज. तो खदाखदा हसला. "बघ सुहास, फोटोसारखी दिसते ती नकली. सुरकुती पडते ती असली. एवढं सोपं आहे बाबा."

या वर्षी उन्हाळ्याआधी एका व्हिलातल्या बाईंनी आमची कातड्याची आरामखुर्ची घेतली. आठवड्यात गादीला दोन सुरकुत्या पडल्या. बाईंचा इंटिरियर डेकोरेटर कॅटलॉगचं पान घेऊन शोरूममध्ये आला. पान टेबलावर आपटून म्हणाला, हा फोटो बघा आणि हा आमचा माल बघा, आम्हाला नकली गादी दिली आहे. बाई मोठं गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या तीन व्हिलांचं काम आमच्याकडे यायचं होतं. खुर्ची गोडाउनमधून आग्नेलनं नेली होती, गोडाउनची किल्ली आग्नेलकडे, शारजाला येणं-जाणं आग्नेलचं. दोन दिवसांत सगळ्या शोरूममध्ये कुजबूज झाली की आग्नेलनं असली गादी विकली आणि नकली बसवली.

आग्नेलच्या कराराची दीड वर्षं उरली होती. त्यानंतर तो वसईला कायमचा जाणार होता. गावात फर्निचर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचं मनात होतं, पाटीवर 'दुबई रिटर्न' लिहायचं की नाही यावर त्याची आणि त्याच्या बायकोची फोनवर भांडणं व्हायची. चौकशीच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे. पण चोर म्हणून गेलो तर गावात तोंड कुठे दाखवू? आमच्या चर्चमध्ये निम्मे लोक गल्फमधलेच. बातमी माझ्याआधी पोचेल." मी म्हणालो, "काही होत नाही रे. मी आहे ना."

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर, डेकोरेटर, मी, भिंतीला टेकून उभा आग्नेल, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर इटलीतल्या कारखान्याचा नवा माणूस. सिन्योर केव्हाच निवृत्त झाले होते. मॅनेजरनं मला विचारलं, "सुहासभाई, ये फोटो अपने ही पीस का है ना?"

"हां, इसी मॉडेल का."

"कोई कॉम्प्युटर का खेल? रीटच?"

"बिलकुल नहीं. सीधा फोटो है," मी म्हणालो. सवयीनं छाती फुगली.

"देखो," मॅनेजर आग्नेलकडे वळून म्हणाला, "फोटो झूठ थोडी बोलता है, हबीबी."

आग्नेलचा चेहरा लाल झाला होता. घाबरला की त्याचं हिंदी जातं. तो पुढे येऊन म्हणाला, "सर, उसमें फळी था. फोटो में. फळी निकाला तो सुरकुती आयेगाच ना!"

"फळी? व्हॉट इज फळी?" मॅनेजरनं डेकोरेटरकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुहासभाई, ये क्या बोल रहा है?"

त्या केबिनमध्ये तो शब्द कळणारा मी एकटा होतो. 'लकडी का फट्टा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तीन शब्दांत. पण अर्ध्या मिनिटापूर्वी मी 'सीधा फोटो' म्हणालो होतो. पडद्यावर इटलीचा माणूस मान तिरकी करून ऐकत होता. माझा व्हिसा याच कंपनीचा. सव्वीस वर्षांचे सगळे फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेले, एकेका गादीखालच्या फळीसकट.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "पॅकिंग का कुछ बोल रहा है."

आग्नेलनं माझ्याकडे पाहिलं. तो पुन्हा बोलू शकला असता, हातवारे करून, गोडाउनमधून फळी आणून दाखवून. पण मग मी खोटा पडलो असतो. तो मागे सरकला आणि पुन्हा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला गायब व्हायची सवय होती आणि ती मीच लावली होती.

पोलीस वगैरे काही झालं नाही. करार रद्द, महिन्याभरात जायचं, खलास. मी मनाची समजूत घालत राहिलो की ताकीद देऊन सोडतील, मग म्हटलं की वातावरण थंड झालं की बोलू, मग म्हटलं की आता बोलून काय उपयोग. आग्नेलनं एकच मागणी केली होती, अनुभवाचं पत्र द्या आणि त्यात दोन चांगले शब्द लिहा. पत्र मिळालं. लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, खाली शिक्का. चांगलं-वाईट काहीच नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी, शोरूम उघडायच्या आधी, मी त्याला बोलावलं. मधोमध त्याच मॉडेलची दुसरी आरामखुर्ची मांडली होती, शूटिंगसारखी फळी घालून. मी म्हणालो, "तुझा एक फोटो काढतो." कॅमेरा डोळ्याला लावतो तर आग्नेल दिसेना. तो खुर्चीच्या मागे जाऊन आडवा झाला होता.

"अरे, पुढे ये. तुझा काढायचाय."

"माझा?" तो उठला, शर्ट झटकला. "मग कुठे उभा राहू?"

"बस. खुर्चीवर."

"वेडा आहेस? खळगा पडेल."

"पडू दे. फळी काढ आणि बस."

त्यानं फळी काढली, नंबर बघितला आणि नीट भिंतीशी उभी करून ठेवली. मग बसला, आधी कडेला, मग हळूहळू मागे सरकून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "छान आहे रे. आपण उगाच लोकांना बसू देत नव्हतो." मी गुडघ्यावर बसलो. त्याच्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी कातड्यावर दोन सुरकुत्या आल्या, हुबेहूब बाईंच्या खुर्चीसारख्या. मी बटण दाबलं. कॅमेरा खाली ठेवून मी म्हणालो, "आग्नेल, त्या दिवशी मी..." तो म्हणाला, "राहू दे. मला समजलं होतं." एवढंच. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. दुपारी मी तो फोटो मॅनेजरला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. मला वाटलं, फोटोच बोलेल. त्या सुरकुत्या बघून आंधळ्यालाही कळेल. जन्मभर मी हेच मानत आलो. दहा मिनिटांत उत्तर आलं, "गुड शॉट. व्हेरी नॅचरल. आदमी निकालके भेजो, नेक्स्ट कॅटलॉग में डालेंगे."

तेव्हा तरी मी उठून त्याच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. आग्नेल अजून याच देशात होता, अल-कूज भागातल्या त्याच्या खोलीत बॅग भरत होता. मी गेलो नाही. आदमी काढला नाही, फोटो पाठवला नाही आणि केबिनमध्येही गेलो नाही. मॅनेजर पुन्हा विचारायला आला नाही, कारण आता नवा कॅटलॉग इटलीहूनच येतो, सगळा कॉम्प्युटरवर बनवलेला. खुर्ची तयार व्हायच्या आधी तिचा फोटो तयार असतो. मला आता महिन्यातून दोन दिवस बोलावतात. पुढच्या वर्षी आम्हीही परत जाऊ बहुतेक.

श्रावणात मी तो फोटो मोठा छापून, फ्रेम करून, वसईला जाणाऱ्या एकाबरोबर आग्नेलकडे पाठवला. आठवड्यानं त्याच्या बायकोचा, फिलूवहिनींचा फोन आला. आग्नेलनं दुकान टाकलेलं नाही, घरीच असतो, फारसा बाहेर पडत नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, फोटो लय छान आलाय. भिंतीवर लावलाय. इतकी वर्षं तिकडे काढली, पण ह्यांचा कामावरचा एक फोटो नव्हता घरात." आणि त्यांनी विचारलं, "एक विचारू? खुर्ची जुनी होती का? गादीला सुरकुत्या का पडल्यात?"

"जुनी नाही वहिनी," मी म्हणालो. "असलीच आहे. माणूस बसलाय ना, आणि खाली फळी नाही."

"हां, फळी नाय होय," त्या लगेच म्हणाल्या. फळी म्हणजे काय, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.